जीर्णोद्धार झालेल्या लाकडी मोटर यॉटच्या तळात पाणी थांबत नाही? शोध या क्रमाने घ्या

लक्षणं

रात्री धक्क्याला बांधलेली नौका शांत असते आणि तळातून पंप सुरू झाल्याचा आवाज येतो. पंधरा-वीस सेकंद चालतो, थांबतो, काही वेळाने पुन्हा चालतो. सकाळी केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलून पाहिलं तर बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खळग्यात, कालच्याइतकंच पाणी. जीर्णोद्धार नुकताच पार पडलेला, वार्निशमध्ये तोंड दिसावं इतकी चकाकी, विक्रीच्या जाहिरातीत ‘समुद्रात जायला तयार’ असं लिहिलेलं, आणि तरीही पाणी.

‘पाणी येतं’ हे एकच लक्षण नाही. तुमच्या नौकेचं खालीलपैकी कोणतं आहे ते आधी ठरवा.

- पंप थोडा वेळ चालतो, थांबतो, दोन-चार मिनिटांत पुन्हा चालतो. पाण्याची पातळी मात्र वाढत नाही.
- पाऊस पडल्यावर किंवा डेक धुतल्यावर पाणी वाढतं, कोरड्या आठवड्यात वाढत नाही.
- धक्क्याला काही नाही, इंजिन सुरू केलं की पाणी.
- मंद चालीत ठीक, लाटांवर वेग घेतला की पाणी.
- नौका कित्येक महिने जमिनीवर होती, नुकतीच पाण्यात उतरवली आणि सगळीकडून पाझरते आहे.
- ऋतू कोणताही असो, दर महिन्याला आधीपेक्षा थोडं जास्त.

लाकडी नौकेत पाणी दिसलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा फळ्यांच्या सांध्यांकडे जातो. लाकूड जुनं आहे, तेच गळत असणार, असं वाटतं. ही तक्रार मी इतक्या नौकांवर निस्तरली आहे की आता खात्रीने सांगतो: पाणी बहुतेकदा रबरातून, धातूतून किंवा आकाशातून येतं, लाकडातून सर्वांत शेवटी. निदान न करता सांध्यांत सुताची वात ठोकली तर धडधाकट लाकूड दुखावतं आणि खरं भोक तसंच राहतं. म्हणून खालच्या तपासण्या स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून सुरू होतात. मधली पायरी गाळू नका, मला घाई नडलेली आहे.

हात घालण्याआधी

धक्क्यावरून येणारी विजेची केबल काढा. बिल्जमधलं पाणी आणि घरगुती दाबाची वीज एकत्र येता कामा नये. इंजिन पेट्रोलचं असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे हवा बाहेर ओढणारा पंखा, चालवून तळातली वाफ बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि नेमकी तुम्ही जिथे वाकणार तिथेच साचते. तळाला जिथे जिथे आरपार भोक आहे, तिथे त्या मापाचं मऊ लाकडाचं शंकूसारखं बूच दोरीने बांधून ठेवा. आणि तपासणीसाठी पंपाचं ऑटो बंद केलं असेल, तर ते पुन्हा चालू केल्याशिवाय नौका सोडून जाऊ नका.

पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते बाहेर सोडू नका. तेल शोषणाऱ्या पॅडनी आधी टिपून घ्या. तवंग गेला की झिरपणाऱ्या पाण्याचा मागही सहज दिसतो.

पहिली तपासणी: मोजा

खर्च काहीच नाही, आणि नेमकी हीच पायरी लोक टाळतात. बिल्ज स्पंजने पूर्ण कोरडं करा. एका बरगडीवर, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या लाकडावर, पेन्सिलने रेघ मारा, वेळ लिहा आणि बारा तासांनी पुन्हा पाहा. पाणी बादलीत काढून लिटरमध्ये मोजा. नौका बांधलेली असताना एकदा, तासभर चालवून आल्यावर एकदा, आणि पावसानंतर एकदा.

आकडा का हवा? कारण डोळा फसतो. मिनिटाला साठ थेंब पाहून माणूस घाबरतो, पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास होतं. सांभाळता येण्याजोगं. याउलट पाण्याच्या पातळीखाली साठ सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं एक उघडं भोक सेकंदाला साधारण एक लिटर पाणी आत घेतं, म्हणजे तासाला ३,६०० लिटर. तासाला २,००० लिटरचा शिक्का असलेला छोटा पंप त्यापुढे टिकत नाही, कारण तो शिक्काही पाणी वर न चढवता मोजलेला असतो. ठिबक आणि भोक यांतला फरक आकड्यानेच कळतो, आणि तुमच्याकडे किती वेळ आहे तेही त्यावरूनच ठरतं.

पंपाला चालण्याचा वेळ मोजणारं छोटं मीटर लावता आलं तर जरूर लावा. सहा महिन्यांची ती नोंद कोणत्याही फोटोपेक्षा जास्त सांगते.

दुसरी: गोडं की खारं

समुद्रात असाल तर ही पाच मिनिटांची तपासणी अर्धा शोध संपवते. चव घेऊ नका. त्या पाण्यात डिझेल, कूलंट, काहीही असू शकतं. घरात पाणी तपासायला वापरतो तो टीडीएस मीटर घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तिथे घरगुती मीटरचा आकडाच संपतो. काही शेकड्यांत आकडा आला तर पाणी टाकीचं किंवा पावसाचं. मधलं काही आलं तर दोन गळत्या आहेत असं समजा. जुन्या नौकेत तसं पुष्कळदा असतं.

हिरवट किंवा गुलाबी रंग आणि गोडसर वास असेल तर ते इंजिनाचं कूलंट. साबणाचा फेस असेल तर न्हाणीघराची छोटी टाकी. नदीत किंवा तळ्यात असाल तर मीटरचा उपयोग नाही. तिथे नौकेच्या पाण्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि बिल्जमध्ये तो उतरतो का ते पाहा.

तिसरी: पंप स्वतःच तर नाही ना

पहिलं लक्षण, म्हणजे दर दोन-चार मिनिटांनी थोडा वेळ चालणारा पंप, जवळजवळ नेहमी इथेच सुटतं. पंप थांबला की वर चढलेल्या नळीतलं पाणी उलट खाली येतं, फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप सुरू करणारा स्विच, पुन्हा वर उचलला जातो आणि पंप तेच दोन लिटर पाणी रात्रभर वर-खाली करत बसतो. नौका गळतच नसते. नळी लांब किंवा गरजेपेक्षा जाड असेल तर हे जास्त होतं. बॅटरी उतरते आणि मग खऱ्या गळतीच्या दिवशी पंप चालत नाही, म्हणून हे किरकोळ समजू नका. फ्लोट जरा उंच लावा, नळी आखूड आणि पंपाच्या तोंडाइतकीच ठेवा. बिल्जच्या नळीत एकमार्गी झडप बसवायचा मोह टाळा. कचऱ्याने ती अर्धवट उघडी किंवा पूर्ण बंद अडकते.

याहून घातक प्रकार सायफनचा. पंपाचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या फार जवळ असेल, तर इंधन भरल्यावर किंवा मागच्या डेकवर सहा माणसं बसल्यावर ते बुडतं आणि समुद्र त्याच नळीने आत येऊ लागतो. जीर्णोद्धारात नवी जड इंजिनं, मोठ्या टाक्या, जनरेटर बसवले की नौका मूळ रेषेपेक्षा खाली बसते आणि साठ वर्षं निर्धोक असलेलं तोंड अचानक धोक्याचं होतं. नौका भरलेली असताना बाहेरून पाहा. नळीचा फेरा पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन तिथे हवा घेणारी झडप बसवली की हा प्रश्न मिटतो.

चौथी: गोडं पाणी निघालं तर

टाकी आणि नळ सोपे. सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या प्रेशर पंपाकडे कान द्या. कुणी पाणी वापरत नसताना तो मधूनच सुरू झाला तर गळती नळीत, गीझरच्या जोडात किंवा टाकीच्या शिवणीत आहे.

पाऊस अवघड. डेकवरून आत शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते डेकखालच्या आडव्या लाकडावरून वाहतं, एखाद्या खिळ्यापाशी थांबतं आणि शिरल्या जागेपासून दोन-तीन मीटरवर टपकतं. म्हणून बागेची नळी घ्या आणि खालून वर या: आधी डेकच्या कडेची पट्टी, मग केबिनच्या भिंतीचा पाया, मग खिडक्यांच्या खालच्या चौकटी, शेवटी छत. प्रत्येक भागावर दहा मिनिटं मंद पाणी, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

सागवानी डेकच्या काळ्या रबरी रेघा तपासताना नख लावा. रेघ एका बाजूने लाकडापासून सुटलेली असेल तर पाणी तिथून आत जातं, मग ती वरून कितीही काळीभोर दिसो. डेकवर बसवलेले खांब, दोर बांधायचे खुंटे, नांगराची चरखी यांच्या बुडाशीही पाहा. हे सामान पॉलिश करायला काढतात आणि परत बसवताना खालचा लेप नव्याने घालायला विसरतात. वरून सगळं लखलखीत असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी थेट लाकडाच्या गाभ्यात उतरत असतं.

गोड्या पाण्याची गळती मला खाऱ्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. खारं पाणी लाकूड सडवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. पावसाचं पाणी मानवतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा खेळती नसली की बुरशी धरते. डेकची कड, नाळेचं (नौकेच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाचं) डोकं, मागच्या सपाट पाठीचे वरचे कोपरे, खिडक्यांखालच्या बरगड्यांची टोकं या जागा जुन्या मोटर यॉटमध्ये आधी जातात. लाकडी मुठीच्या छोट्या हातोडीने हलकेच ठोका. निकोप लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. बद्द वाजलं तिथे बारीक टोच्या टेकवा. दाब न देता तो आत गेला तर त्या जागेवर खडूने खूण करून ठेवा आणि गळती बंद करणं हे आजचंच काम समजा.

पाचवी: खारं पाणी, आधी शाफ्ट आणि सुकाणू

इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे नौका ढकलणारा पंखा फिरवणारा दांडा, जिथून तळाबाहेर जातो तिथे स्टफिंग बॉक्स असतो. आत वंगण भरलेल्या सुती किंवा कृत्रिम दोरखंडाची कडी दाबून बसवलेली असतात, हीच पॅकिंग. जुन्या पद्धतीच्या सुती पॅकिंगमध्ये शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडणं हा दोष नाही. तेच पाणी शाफ्टला थंड ठेवतं. इंजिन बंद केल्यावर मात्र ठिबक थांबायला हवी, किंवा जवळजवळ थांबायला हवी. काही आधुनिक पॅकिंग कोरडीही चालतात, म्हणून तुमच्यात कोणती आहे ते आधी विचारा.

ठिबक जास्त असेल तर लॉकनट सैल करून मुख्य नट एका वेळी फक्त एक पैलू फिरवा, म्हणजे एक षष्ठांश फेरा. नट फिरवायचे दोन पाने (स्पॅनर) वापरा, नाहीतर संपूर्ण नळकांडंच फिरेल. मग अर्धा तास नौका चालवा, इंजिन बंद करा आणि बॉक्सला हात लावा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे. पूर्ण कोरडा करण्याच्या हट्टापायी लोक नट आवळत राहतात आणि शाफ्टवर खाच पडते. त्या खाचेवर मग कोणतीच पॅकिंग टिकत नाही, आणि काही रुपयांच्या दोरीची गोष्ट नव्या शाफ्टवर जाते.

नट आवळून फरक पडेनासा झाला तर पॅकिंग बदलायची. एकच लांब दोर गुंडाळून घालायचा नसतो. वेगवेगळी कडी कापायची आणि प्रत्येकीचा जोड आधीच्यापासून तिसरा हिस्सा फिरवून बसवायचा. नौका पाण्यात असताना हे करता येतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने करू नये. जुनं कडं निसटलं की पाण्याची धार अंगावर येते आणि हात गडबडतात.

बॉक्सला धरून ठेवणारी जाड रबरी नळी आणि तिच्या क्लिपा आरशाने खालच्या बाजूनेही पाहा. क्लिप वरून चकचकीत आणि खालून गंजून कागदासारखी झालेली मी अनेकदा काढली आहे. सुकाणूच्या दांड्यालाही असाच पाणी अडवणारा ग्लँड असतो. तो मागच्या कपाटाखाली दडलेला असतो, म्हणून जीर्णोद्धारात सुटतो; मागच्या लाटेने नौकेचं बूड दबलं की तिथून पाणी येतं.

सहावी: इंजिनाचं पाणी, नळ्या, सीकॉक

‘इंजिन चालू तेव्हाच पाणी’ असेल आणि स्टफिंग बॉक्स निर्दोष निघाला असेल, तर इंजिनाला समुद्राचं पाणी पुरवणारा पंप पाहा. त्याच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, सील गेलं की कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. तिथून थेंब पडत असतील तर सील बदला. ते छिद्र बुजवू नका. बुजवलं तर पाणी इंजिनाच्या तेलात जाण्याचा धोका असतो. मग एक्झॉस्टची नळी आणि तिचे वाक, बोटाने चाचपून. मऊ पडलेली, फुगलेली, आतून थर सुटलेली नळी बदलायची, तिला टेप गुंडाळायची नाही.

सीकॉक म्हणजे तळातल्या भोकावरची झडप. प्रत्येक उघडून-मिटून पाहा. आखडलेली असेल तर नौका पाण्यात असताना जोर लावू नका. दांडा हातात येण्याऐवजी अख्खी झडप हातात येऊ शकते, आणि मग तासाला ३,६०० लिटरचं ते गणित खरं होतं.

धातू कोणता आहे हे चाकूच्या टोकाने खरवडून कळतं. ब्राँझ सोनेरी दिसतं. पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. गुलाबी दिसलं की ती झडप बाद. वेगवेगळे धातू एकत्र ठेवले की काय होतं ते नौकाबांधणीत फार पूर्वीच कळलेलं आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले. दोनच वर्षांनी पाहिलं तर लोखंडी खिळे गंजून गेलेले. जिथे पत्र्याखालचा कागद शाबूत राहिला होता, तिथले खिळे मात्र चांगले होते. आजही जीर्णोद्धारात ब्राँझच्या फिटिंगला साध्या लोखंडाचा बोल्ट लावलेला आढळतो, कारण त्या दिवशी हाताशी तोच होता.

इथे उलटी चूकही होते. गंजाच्या भीतीने तळाला, इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे, जस्ताचे भरमसाट तुकडे बसवतात आणि सगळं सामान तारांनी जोडतात. मग ब्राँझच्या फिटिंगभोवती अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड लुसलुशीत, तंतू सुटलेलं होतं. फिटिंगभोवती आतल्या बाजूला पांढरा भुसभुशीत थर दिसला आणि लाकूड नखाने निघालं, तर स्वतः काही करू नका. जस्त किती हवं हे संदर्भ-इलेक्ट्रोड लावून मोजणारा माणूस बोलवा.

सातवी: आता फळ्यांचे सांधे

इथवर येऊन सगळं निर्दोष निघालं, तरच सांध्यांचा संशय घ्या. आणि पहिला प्रश्न हा विचारा: नौका पाण्याबाहेर किती काळ होती?

फळी-शेजारी-फळी बांधणीची नौका कोरडी पडली की फळ्या रुंदीत आकसतात. लाकडाची जात आणि चिरण्याची पद्धत यांनुसार ओलाव्याच्या दर एक टक्का बदलाला रुंदी साधारण ०.१५ ते ०.३ टक्के बदलते. १५० मिलिमीटर रुंद फळीने ८ टक्के ओलावा गमावला तर ती साधारण दोन ते साडेतीन मिलिमीटर अरुंद होते. जीर्णोद्धारात नौका वर्षभर शेडमध्ये उभी असते, घासली जाते, तिच्यावर दिवे तापतात. ती पाण्यात उतरवली की पहिल्या दिवशी चाळणीसारखी गळणं स्वाभाविक आहे. फळ्या पाणी पितात, फुगतात आणि सांधे स्वतःच मिटवतात. याला काही दिवस लागतात, फार कोरड्या नौकेला आठवडा-दोन आठवडेही. त्या काळात क्रेनच्या पट्ट्या तळाखाली राहू द्या, दोन स्वतंत्र पंप ठेवा, माणूस ठेवा, आणि दर काही तासांनी लिटर लिहा. आकडा रोज उतरत असेल तर लाकूड आपलं काम करतं आहे. त्याला वेळ द्या.

या वेळी होणारी चूक मला सर्वांत जास्त सलते. कोरड्या तळाच्या रुंद झालेल्या फटी पाहून कुणीतरी त्यांत सुताची वात हातोडीने गच्च ठासतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कडक इपॉक्सी भरतो. फळी फुगते तेव्हा तिला जायला जागा उरत नाही. ती शेजारच्या फळीला रेटते, कडा चुरडतात, खिळे सुटतात, बरगड्या तडकतात. सत्तर वर्षं टिकलेली बांधणी एका आठवड्यात मोडते, आणि करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. सांध्यात मऊ, दबणारी पुट्टी हवी, जी फळी फुगल्यावर बाहेर येते आणि नंतर खरवडून टाकता येते. न सुटणारा पॉलियुरेथेन गोंदही तिथे नको. पुढच्या दुरुस्तीत फळी काढताना लाकूडच फाटून येतं.

उतरवण्याआधी काही दिवस तळाला बाहेरून ओली गोणपाटं लावणं आणि आतून खाऱ्या पाण्याचा फवारा मारणं उपयोगी पडतं. जमिनीवर असताना तळात पाणी भरून ठेवणं मात्र चुकीचं आहे. बांधणी बाहेरचा दाब सोसायला असते. आतलं वजन फळ्यांना बरगड्यांपासून दूर ढकलतं.

दोन आठवड्यांनी आकडा एका जागी थांबला आणि तिथून खाली येईना, तर गळती ठरावीक जागी आहे. बिल्ज कोरडं करा, संशयित भागावर खडूच्या आडव्या रेघा मारा. पाण्याचा माग रेघ कुठे पुसतो ते वरच्या दिशेने शोधत जा. कीलला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, लागून असलेली पहिली फळी, नाळेतली खाच, फळ्यांची जोडावरची टोकं आणि मागच्या पाठीची कड, या क्रमाने पाहा. तात्पुरता उपाय म्हणून बारीक भुसा सांध्याखाली पाण्यात सोडतात. आत शिरणारं पाणी तो फटीत ओढून नेतं. घरी पोचेपर्यंत तो चालतो. दुरुस्तीत त्याची गणती नाही.

वेग घेतल्यावरच येणारं पाणी

धक्क्याला कोरडी, लाटांवर ओली. याची साधी बाजू आधी पाहा: पाण्याच्या रेषेच्या वरच्या फळ्या. त्या उन्हात वाळतात, गडद रंग असेल तर आणखी, आणि पुढून उसळणारं पाणी नेमकं तिथून आत येतं. वरच्या भागावर समुद्राचं पाणी रोज मारत राहिलं की पुष्कळदा आठवड्यात सुधारतं. पुढचा रंग फिका निवडा.

दुसरी बाजू गंभीर. तळ हलतो आहे म्हणून पाणी येत असेल, तर बरगड्या तुटल्या आहेत किंवा खिळ्यांची पकड गेली आहे. तळ जिथे वळतो तिथल्या बरगड्यांवर आतून बोट फिरवा; वळणाच्या पोटावर आडवी बारीक भेग लागते. बाहेरून पाहा: खिळ्यांवरची लाकडी बुचं वर आलेली, रंगातून गंजाचे ओघळ, एखाद्या फळीचं टोक शेजारच्यापेक्षा किंचित पुढे. ओक लाकडात लोखंडाभोवती काळा डाग असेल तर खिळा आणि लाकूड दोन्ही गेले आहेत. अशा तळात नवीन वात ठासणं म्हणजे सुटलेल्या फळ्या आणखी दूर ढकलणं.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं की हत्यारं खाली ठेवा आणि लाकडी नौकांचा जाणकार कारागीर आणि स्वतंत्र सर्व्हेयर (नौकेची तपासणी करून अहवाल देणारा) बोलवा: सीकॉकभोवतीचं लाकूड मऊ, सलग दोन किंवा जास्त बरगड्या तडकलेल्या, कीलच्या बोल्टांभोवती गंज किंवा पाणी, इंजिनाच्या पायाखालून पाझर, लाकडात शिंपल्याच्या जातीच्या किड्याची बिळं, जी बाहेर टाचणीच्या टोकाएवढी आणि आत बोटाएवढी असतात, किंवा रोज वाढणारा आकडा ज्याचं कारण सापडत नाही. कीलचा बोल्ट किंवा नमुन्याचे खिळे काढून पाहणं हे त्यांचं काम आहे. पंप चालू असूनही पातळी वाढत असेल, तर कारण शोधत बसू नका, नौका लगेच पाण्याबाहेर काढायची सोय करा.

नौका कितीही नामांकित असली तरी लाकूड सवलत देत नाही. १९२५ मध्ये बांधलेली, १०४ फुटांची ‘सिक्वोया’ अनेक अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी वापरली. पण पुढे यार्डात देखभालीविना उभी राहिल्यावर तिचं लाकूडही कुजलं आणि २०१९ मध्ये तिला पुनर्बांधणीसाठी मेन राज्यात न्यावं लागलं.

विकत घेणार असाल तर

जीर्णोद्धार झालेली नौका विक्रीला असताना बिल्ज बहुधा नव्याने रंगवलेलं असतं. मला अशा वेळी जुना, स्वच्छ, रंग न दिलेला तळ जास्त आवडतो. त्यावर मागचं वाचता येतं. मालकाला तीन गोष्टी विचारा: शेवटची कधी उतरवली, त्यानंतर पंप दिवसाला किती चालतो, आणि तळाला बाहेरून फायबरग्लास चढवलं आहे का. फळ्यांच्या जुन्या तळावर चढवलेलं फायबरग्लास गळती झाकतं आणि ओलावा आत कोंडतं. अशी नौका मी सर्व्हेयरशिवाय पाहायलाही जाणार नाही. सौद्याआधी बिल्ज कोरडं करून, रेघ मारून एक रात्र नौकेवर काढायची परवानगी मागा, आणि दुसऱ्या दिवशी तासभर लाटांत चालवून पुन्हा रेघ पाहा. प्रामाणिक मालक याला नाही म्हणत नाही. थोडं पाणी आलं म्हणून सौदा मोडू नका. कुठून येतं हे मालकाला माहीत असणं महत्त्वाचं.

आणि तळ तपासायला नौका पाण्याबाहेर काढणार असाल, तर उचलायच्या थोडं आधी पंप बंद करून स्वच्छ पाणी बिल्जमध्ये बोटभर उंच राहू द्या, तेवढ्याने तळावर भार येत नाही. क्रेन वर उचलत असताना खडू घेऊन खाली उभे राहा, पट्ट्यांच्या बाजूला, तळाच्या थेट खाली नाही. बाहेरून शिरणारं पाणी आता त्याच वाटेने बाहेर येतं. बाकीचा तळ पहिल्या अर्ध्या तासात वाळत जातो आणि ती एक जागा ओली राहते. तिच्याभोवती गोल काढा, आतून कितव्या बरगडीपाशी येते ते वहीत लिहा, फोटो घ्या. कारागीर आल्यावर त्याला आधी ती वही द्या.